खाऊन निघा

पगारे बाई गेल्याची बातमी मला शाळेच्या ग्रुपवर कळली. मधल्या सुट्टीत फोन उघडला तर कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला होता आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. देवळ्याला, माहेरी, झोपेतच गेल्या म्हणे. स्टाफरूममध्ये नवीन लागलेल्या एका मॅडमनी विचारलं, "कोण होत्या या?" विज्ञान शिकवायच्या, असं मी म्हणाले. हे खरं होतं, पण ते काहीच नव्हतं.

आमची शाळा नाशिकला, पंचवटीच्या मागच्या अंगाला, आडगाव नाक्याकडे जाताना लागते. सकाळचं सत्र सातला भरतं. मुलं कामगारांची, हमालांची, भाजी विकणाऱ्यांची. आई-बाप पहिल्या पाळीला गेलेले असतात, आणि मुलं आपापली उठून, आपापल्या वेण्या घालून, अर्धवट झोपेत शाळेत येतात. मी या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा पगारे बाई तिथे मुरलेल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांच्या वर्गावरून जाताना मी थबकले. आतून हॉटेलातल्यासारखा पुकारा चालला होता.

"गायकवाड?"

"चहा-खारी!"

"जाधव?"

"पोहे!"

"शेख?"

"रात की खिचडी, बाई."

"शाब्बास. वाघ? ... वाघ कोमल?"

वाघ गप्प. बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

ही त्यांची हजेरी होती. 'हजर' म्हणायचं नाही. सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. वर्गात बसलेलं मूल हजर आहे हे मला दिसतंय, असं त्या म्हणत. ते कशाच्या जोरावर बसलंय, ते मला कळायला हवं.

बाई उंच होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी सांगितले होते, पण त्या शूजमुळे त्या कायम कुठेतरी धावायला निघाल्यासारख्या वाटत. बोलणं स्वच्छ, शाळेतलं. मात्र राग आला किंवा गहिवरून आलं की देवळ्याकडची अहिराणी उसळून वर यायची. एखादं पोर डोकं धरून बसलेलं दिसलं की त्या पायऱ्यांवरूनच ओरडत, "काय व माय, भूक लागेल शे का?" आणि ते पोर कोकणातलं असो की बिहारातलं, त्याला ते बरोबर समजायचं.

माझ्याशी त्यांची ओळख झाली तीही अशीच. मी घरून नुसता चहा पिऊन येई. सकाळी खायला मला वेळ नसे आणि भूकही नसे. दोन-तीन आठवडे त्यांनी काही म्हटलं नाही. मग एक दिवस स्टाफरूममध्ये माझ्यासमोर डबा सरकवला. बाजरीची भाकरी, मटकीची सुकी उसळ, कांदा.

"खा."

"नको बाई, मी सकाळी काही खात नाही."

"माहिती आहे मला. वैशाली, तू पहिल्या तासाला कविता फार सुंदर शिकवतेस. मी मुद्दाम दाराबाहेर उभी राहून ऐकते. चौथ्या तासाला तीच तू पोरांवर खेकसतेस. ही तीच बाई आहे का असं वाटतं. पोरांचा दोष नाही त्यात. तुझ्या पोटाचा आहे."

मला राग आला. पण भाकरी खाल्ली. आणि चौथ्या तासाला मी कुणावर खेकसले नाही, हेही मला कबूल करावं लागलं.

सकाळच्या खाण्याबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि ती त्या कुणालाही ऐकवत. चहा-बिस्किट म्हणजे खाणं नव्हे, ती पोटाची समजूत काढणं आहे. तासाभरात पोट पुन्हा रुसतं. धान्य हवं, त्याच्या जोडीला कडधान्य नाहीतर अंडं हवं, वर मूठभर शेंगदाणे नाहीतर चमचाभर तेल-तूप हवं. गोड एकटं कधी खायचं नाही. ते पाहुण्यासारखं येतं आणि जाताना घरातलंही घेऊन जातं. एकदा सगळा स्टाफ मिसळ खायला गेला तेव्हा आम्हाला वाटलं, आता बाई सगळ्यांचा विरस करणार. त्यांनी वेटरला बोलावून शांतपणे सांगितलं, "मटकी दुप्पट, तर्री निम्मी, पाव एकच. आणि दही." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मिसळीचं काही चुकत नाही. पावाचं चुकतं." स्वतः चवीने खाल्लं आणि वर ताकही मागवलं.

त्यांची गोवरीची गोष्ट शाळेत अजून सांगतात. एकदा प्रार्थना चालू असताना सातवीतली एक मुलगी उभ्याउभ्या कोसळली. डोक्याला खोक पडली. शुद्धीवर आल्यावर कळलं, आदल्या संध्याकाळपासून तिच्या पोटात फक्त दोन क्रीमची बिस्किटं होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन प्रार्थनेनंतर सगळ्यांना मैदानावर थांबवलं. समोर दोन घमेली ठेवली. एकात वर्तमानपत्राचे बोळे, दुसऱ्यात गोवरीचा तुकडा. दोन्हींना काडी लावली. कागद भडकला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या संपायच्या आत त्याची राख झाली. गोवरी नुसती धुमसत होती. तिच्याकडे बघायला कुणाला मजा येईना.

"हे बिस्किट," बाई राखेकडे बोट करून म्हणाल्या. "आणि ही भाकरी. जा आता वर्गात."

बस्स. आणखी एक शब्द बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत सगळी शाळा त्या घमेल्याभोवती गोळा झाली. गोवरी अजून धुगधुगत होती. पोरं तिच्यावर हात धरून शेक घेत होती.

पण त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. ती गप्प राहिलेली कोमल वाघ, तिची आई एक दिवस शाळेत आली. संगीता नाव तिचं. सातपूरला एका कारखान्यात पॅकिंगला होती. कामाच्याच कपड्यांत, गळ्यात कार्ड अडकवलेलं. व्हरांड्यातच तिने बाईंना गाठलं.

"आमच्या घरात काय शिजतं अन् काय नाय ते तुम्हाला कशाला पाहिजे? पोरगी रडती रोज. म्हनती, सगळ्यांसमोर मला विचारतात. पोरं चिडवतात तिला, उपाशी वाघ म्हनून. मी पहाटं उठून कामाला जाती. कुनी हौसंनं ठिवतं का पोरीला उपाशी?"

बाई तिचं पूर्ण ऐकून घेईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माझं."

संगीता भांडायच्या तयारीने आली होती. ती गोंधळली.

"खरंच चुकलं. मी सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिचा हात धरून तिला प्रयोगशाळेत नेलं, चहा दिला. रविवारी त्या तिच्या घरी गेल्या. काही शिकवायला गेल्या नाहीत, नुसत्या बसल्या. ती किती वाजता उठते, पाणी केव्हा येतं, गॅस कुणाचा, हे बघून आल्या. त्यानंतर कोमलसाठी रात्रीच एक भाकरी जास्तीची पडू लागली. सकाळी ती दह्यात कुस्करून, वर शेंगदाण्याचा कूट घालून खायची. एवढंच. पण हजेरीचा पुकारा संगीता आली त्या दिवशीच बंद झाला. त्याऐवजी प्रयोगशाळेच्या कपाटात एक मोठा डबा आला. मोड आलेली मटकी, उकडलेले हरभरे, शेंगदाणे, कधी अंडी. सात वाजायच्या आधी प्रयोगशाळेचं दार उघडं असायचं. ज्याला हवं त्याने जाऊन खावं. कोण गेलं, कोण नाही, कुणी विचारायचं नाही. बाई तिथे पाठमोऱ्या उभ्या राहून परीक्षानळ्या धूत असत. मुलांना अवघडायला नको म्हणून त्या पाठमोऱ्या असत, हे मला फार उशिरा कळलं.

तो डबा त्यांच्या घरून यायचा. घरात दोघंच. मुलगी पुण्याला नोकरीला. यजमान प्रकाशराव ओझरच्या विमान कारखान्यात होते. ठेंगणे, शांत, चेहऱ्यावर कायम एक न बोललेली गंमत. मटकी भिजवणं, उपसणं, फडक्यात बांधणं हे काम त्यांचं. मी घरी गेले की म्हणायचे, "मॅडम, या घरात फक्त मटकीलाच विश्रांती मिळते. तिला रात्रभर गुंडाळून ठेवतात." बाई आतून ओरडायच्या, "ऐकू येतंय हं मला!" आणि ते माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे. रोज सकाळी आंघोळ करून ते बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीसमोर उभे राहत आणि पंचशील म्हणत, मोठ्याने, शांतपणे. कॉलनीतल्या विहारात लहान मुलांनाही तेच शिकवत. त्यातलं पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, समजावून सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा व्हायचा. त्यांचे वडील दारूने गेले होते.

प्रकाशरावांना मधुमेह होता. इन्सुलिन घ्यावं लागे, आणि ते टोचून वेळेवर खाल्लं नाही तर रक्तातली साखर खाली जायची भीती. त्यांच्या घरातली सकाळ त्या इंजेक्शनभोवती बांधलेली होती. त्यांनी सुई टोचली की बाई ताट मांडायच्या, दोघं समोरासमोर बसून खायचे, मग त्या शाळेला आणि ते हमरस्त्यावर कारखान्याची बस पकडायला. त्यांनी सुई घेतली आणि ताटावर बसायला उशीर केला, तर बाई चिडायच्या. "इंजेक्शन काय माझ्या भावाने दिलंय का शोभेसाठी? आधी खा." एवढ्या वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

ते चुकलं विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी. आमच्या शाळेची मुलं मॉडेल घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार होती. बाईंना अंधारातच निघायचं होतं. त्यांनी थालीपीठं लावली, दही काढलं, ताटावर ताट झाकलं आणि म्हणाल्या, "मी निघते. खाऊन निघा." ते म्हणाले, "हो गं, जा तू. पोरं वाट बघत असतील."

आम्ही प्रदर्शनात होतो. दुपार झाली होती. कोमल वाघचा गट परीक्षकांना मोड आलेल्या धान्याबद्दल काहीतरी समजावून सांगत होता आणि बाई लांबून, ओठ हलवत, तिच्याबरोबर ते पाठ म्हणत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर म्हणून त्यांनी माझ्या हातात दिला, कोमलचं बोलणं चुकवायचं नव्हतं त्यांना. मी ऐकलं. पोलीस बोलत होते.

दवाखान्यात गेल्यावर जे कळलं ते असं. प्रकाशरावांची बस चुकली. म्हणून त्यांनी बाईक काढली. आडगावच्या पुढे, दहावा मैल म्हणतात त्या थांब्याच्या अलीकडे त्यांनी ती रस्त्याकडेला घेतली. तिथल्या एका चहाच्या टपरीशी ते आले, थोडं इकडेतिकडे भेलकांडले, आणि मग टपरीमागच्या बाभळीच्या आडोशाला जाऊन आडवे झाले. तिथे ते ऊन वर येईपर्यंत तसेच पडून होते. अंगाला खरचटलेलंसुद्धा नव्हतं. रक्तातली साखर खाली गेली होती, आणि फार वेळ खाली राहिली होती. डॉक्टर आम्हाला समजावत होते आणि पगारे बाई नुसती मान हलवत होत्या. हे सगळं त्यांना डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. दवाखान्यात लागणारे कपडे घ्यायचे होते. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर ताटावर ताट झाकलेलं तसंच होतं. त्यांनी वरचं ताट उचललं. दोन थालीपीठं, वाटीत दही, त्यावर पाणी सुटलेलं. शेजारी इन्सुलिनची वापरलेली सुई, टोपण नीट लावून ठेवलेली. बाई त्या ताटाकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते पुन्हा झाकलं, अगदी हळू, आवाज होऊ न देता.

"का खाल्लं नसेल गं?" त्या म्हणाल्या.

प्रकाशराव शुद्धीवर आले नाहीत. काही दिवसांनी गेले. त्यांनी न खाता घर का सोडलं, याचं उत्तर कधीच मिळालं नाही. सुई घेतल्यावर डोळा लागला असेल, बसच्या नादात विसरले असतील, कँटीनमध्ये खाऊ म्हणाले असतील. विचारायला माणूस राहिला नव्हता. बाई तो प्रश्न अधूनमधून विचारत राहिल्या. मला, पुण्याहून आलेल्या मुलीला, पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेल्या पांढऱ्या साड्यांमधल्या बायकांना. उत्तराची अपेक्षा नसायची. बोलता बोलता मध्येच थांबून विचारायच्या आणि पुढचं बोलायला लागायच्या.

विधी आटोपल्यावर एका सकाळी त्यांनी मला फोन केला. "वैशाली, तुझी स्कूटर आहे ना? मला त्या टपरीवर जायचंय."

मी म्हटलं, कशाला बाई? त्या म्हणाल्या, येतेस की नाही तेवढं सांग.

टपरी साधी होती. पत्र्याचं छप्पर, एक बाक, स्टोव्ह. टपरीवाला पन्नाशीचा, डोक्याला मफलर. बाईंनी आपण कोण ते सांगितल्यावर त्याच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. तो बाहेर येऊन उभा राहिला.

"बाई, खोटं नाय सांगत," तो म्हणाला. "लय हालत होता मानूस. गाडी स्टँडला लागंना त्याला. घामानं शर्ट वला झालता. बोलायला लागला तर जीभ जड. आमाला वाटलं, सकाळी सकाळी पिऊन आलाय."

"काय बोलत होते?"

"कळत नव्हतं काय. मागत होता कायतरी. 'द्या, द्या' म्हनत होता. मी म्हनलं, जा बाबा पुढं, गिऱ्हाईक हाय. मग तो तिकडं जाऊन झोपला. मला वाटलं, उतरंल त्याची."

"वास आला होता का?"

"कशाचा?"

"दारूचा."

त्याने आठवून पाहिलं. प्रामाणिक माणूस होता. "नाय," तो म्हणाला. "वास नव्हता."

"मग?"

"मग... हालत होता ना बाई." आणि तो एकदम खाली बसला आणि मफलर तोंडावर घेऊन रडायला लागला.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी त्याला उठवून बाकावर बसवलं. वर्गात आवाज लागतो तसा आवाज लावला. "हे बघा भाऊ. पुन्हा असं कुणी आलं, घाम फुटलेलं, थरथरणारं, वेड्यासारखं बोलणारं, तर आधी वास घ्या. वास नसला तर साखर खाली गेली समजा. माणूस गिळू शकत असेल तर ग्लासात चांगली चार-पाच चमचे साखर हलवा आणि पाजा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी थांबवून दवाखान्यात न्या. जमेल?"

तो मान हलवत होता.

"म्हणून दाखवा."

त्याने लहान मुलासारखं म्हणून दाखवलं. चुकलं तिथे बाईंनी दुरुस्त केलं.

परत येताना त्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "माणूस जातो गं. सगळे जातात. पण रोज पंचशील म्हणणारा माणूस. त्याला शेवटी दारुडा म्हणून हाकललं. त्याला ते कळलं असेल का? शुद्धीत असेल का तेव्हा थोडा तरी?" मी स्कूटर हळू केली, एवढंच.

त्या शाळेत परत आल्या. शिकवणं तसंच, शिस्त तशीच. प्रयोगशाळेचं ते कपाट मात्र बंद झालं. मी त्यांच्या वर्गावरून जायची तेव्हा आतून आकडे ऐकू यायचे. एक. हजर. दोन. हजर. तीन. हजर. त्या खंगत गेल्या. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न बसता मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहायच्या. मी डबा पुढे केला की घास घ्यायच्या, मला वाईट वाटू नये म्हणून.

एक दिवस कोमलची आई आली. हातात कापडाने बांधलेला डबा. "बाई, तुमच्यासाठी केलंय. धिरडी हायेत, गरम हायेत."

बाई म्हणाल्या, "उतरत नाही गं संगीता घशाखाली. खोटं कशाला बोलू?"

"राहू द्या मग," संगीता म्हणाली. तिने डबा बाकावर ठेवला आणि स्वतः त्याच्या पलीकडे बसली. त्या दिवशी ती कामावर गेली नव्हती. दोघी तशाच बसून राहिल्या, समोर पोरं लंगडी खेळत होती. घंटा झाली तेव्हा डबा न उघडताच संगीता उठली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी आयुष्यात खूप सांत्वनं पाहिली आहेत. त्यातलं हे एकच मला सांत्वन वाटलं.

पण त्या टपरीवाल्याला शिकवलेला धडा बाई विसरल्या नाहीत. नववीला रक्तातल्या साखरेचा भाग आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि पूर्ण तास तेच शिकवलं. घाम, थरथर, जड जीभ, भलतंच बोलणं. मुलांकडून म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "रस्त्यावर कुणी भेलकांडताना दिसलं, तर तो प्यालाय की आजारी आहे हे तुम्हाला लांबून कळत नाही. कुणालाच कळत नाही. म्हणून लांबून ठरवायचं नाही. जवळ जायचं." एका मुलाने विचारलं, "बाई, आणि तो खरंच प्यालेला निघाला तर?" वर्ग हसला. बाईही किंचित हसल्या, कितीतरी महिन्यांनी. "तर काय," त्या म्हणाल्या. "तुझं काय गेलं?"

पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. मुलगी पुण्याला चला म्हणत होती, त्यांनी ऐकलं नाही. देवळ्याला म्हाताऱ्या आईजवळ जाऊन राहते म्हणाल्या. घर आवरायला त्यांना दिवाळीपर्यंत वेळ लागला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी त्यांना भेटायला गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, परवाच टेम्पोत सामान गेलं. फोनवर बोलणं व्हायचं. आईला सकाळी काय दिलं ते सांगायच्या. स्वतःचं विचारलं की विषय बदलायच्या.

मग जानेवारीत, एका रविवारी, मी चांदवडला साखरपुड्याला निघाले होते. सकाळची एसटी, काचा बंद, सगळे शालीत गुरफटलेले. दहाव्या मैलाजवळ रस्त्याचं काम चालू होतं, बस सर्व्हिस रोडने वळवली होती आणि तिथे गाड्यांची रांग लागली. मी काच पुसली आणि बाहेर पाहिलं. ती टपरी बरोबर माझ्या खिडकीसमोर होती.

बाकापाशी पगारे बाई होत्या. राखाडी स्वेटर, पायात तेच पांढरे शूज, शेजारी प्रवासाची पिशवी. देवळ्याहून नाशिकला काही कामाला निघाल्या असतील आणि वाटेत उतरल्या असतील. की दर रविवारी येत होत्या, मला कधीच कळलं नाही. त्यांच्यासमोर एक माणूस डुलत उभा होता. विस्कटलेले केस, चिखलाने भरलेली पँट, आणि मागच्या खिशातून बाटलीचं बूच स्पष्ट दिसत होतं. मला बसमधून दिसलं, म्हणजे त्यांनाही दिसलंच असणार. बाईंनी त्याचा दंड धरून त्याला बाकावर बसवलं. टपरीवाल्याने मफलर मागे टाकून ग्लास पुढे केला. बाईंनी एक हात त्या माणसाच्या मानेखाली घातला आणि दुसऱ्याने ग्लास त्याच्या तोंडाला लावला. तो प्यायला. अर्धं हनुवटीवर सांडलं. त्यांनी ते पदराने पुसलं.

"बेवड्याला पाजतेय मावशी," माझ्या मागचा कुणीतरी हसून म्हणाला.

मी काच सरकवायला गेले, ती अडकली होती. मी हाताने ठोकलं, हाकही मारली. रस्त्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. पुढच्या गाड्या हलल्या, कंडक्टरने घंटी दिली. बस निघाली तेव्हा बाई त्या माणसाच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या, आणि तो त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता.